दळणाचं सांगितलं नाहीस

गेल्या महिन्यात एका रविवारी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत उभा होतो. गिरणीत उभं राहायला मला आवडतं. पट्ट्याची एका लयीतली फटफट, हाताला चटका बसेल असं गरम पीठ, गिरणीवाल्याच्या पांढऱ्या झालेल्या भुवया, ओळीने मांडलेले डबे आणि त्यांच्यावर खडूने लिहिलेली आडनावं. तिथे कुणाला काही सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागतं, त्यामुळे गिरणीत कुणाचं काही खासगी राहत नाही. माझा नंबर चौथा होता. समोर स्टुलावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, मांडीवर घडी घातलेली पिशवी. बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. मी हसलो. सांगलीत कुणी बघत असेल तर आधी हसून ठेवावं, ओळख मागाहून निघतेच. तशी ती निघाली. पट्ट्याच्या वर आवाज काढून त्यांनी विचारलं, "काय रे, तू पुरातला ना? तो वायरलेसवाला?"

"हो काकू. समोरच्या गच्चीवर होतो मी, मावशीकडे."

"मग दळणाचं सांगितलं नाहीस ते!"

रांगेतली चार माणसं वळून बघायला लागली. काकू हसत होत्या, रागावल्या वगैरे अजिबात नव्हत्या. गिरणीवाला त्यांच्या डब्याचं झाकण ठोकून बसवत होता. बाकीच्यांना वाटलं असेल, म्हातारीचं काहीतरी आपलं.

मला मात्र लगेच कळलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

2019चा पूर म्हटलं की सांगलीकराला पुढचं सांगावं लागत नाही. आमच्याकडे पूर फुटांत बोलतात. "आयर्विनला किती?" हा प्रश्न पावसाळ्यात नमस्कारासारखा विचारला जातो. आयर्विन पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे आमच्या पोरांना बाराच्या पाढ्याआधी पाठ होतं. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीतून पुढे किती जातंय, खाली हरिपूरला वारणेचा फुगवटा किती, कऱ्हाडला संगमावर काय परिस्थिती, यावर जो तो आपला हिशेब मांडतो आणि आपल्या गल्लीत पाणी कधी येणार ते सांगतो. 2005ला 53 फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा वाटलं होतं की हा शेवटचा आकडा. भिंतींवर ऑइलपेंटने रेघा मारून ठेवल्या होत्या लोकांनी, नातवंडांना दाखवायला. 2019ला 57च्या वर गेलं आणि त्या रेघा पाण्याखाली गेल्या. दोन वर्षांनी, 2021ला, पुन्हा 54च्या वर. आता रेघा मारायचा उत्साह कुणाला राहिलेला नाही.

त्या सोमवारी नागपंचमी होती. मावशीकडे गावभागात पुरणाची दिंडं खायला गेलो होतो. म्हणजे घरात सांगायचं कारण ते. खरं कारण, तिचं तळमजल्यावरचं सामान वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात चढवायचं होतं. दिंडं खाल्ली, तूप जरा जास्तच घेतलं, दोन झोके काढावेत तसे जिन्यावरून वरखाली केलं. फ्रिज चढवताना पाठ धरली. संध्याकाळी खाली उतरलो तर गल्लीत पाणी होतं. घोट्याएवढं. सकाळी जाऊ म्हटलं. सकाळी ते कमरेएवढं झालं आणि बुधवारी तळमजल्याच्या खिडक्यांचे गज दिसेनासे झाले. मग वरच्या बिऱ्हाडातून गच्चीवर. मावशी, तिची शेजारीण, शेजारणीचा नवरा, दोन मुलं, एक कुत्रं, आणि मी. गल्लीतून रिकामे सिलिंडर वाहत जाताना भिंतींवर आपटायचे, त्याचा टण्ण असा आवाज रात्रभर. डिझेलचा, गटाराचा आणि भिजलेल्या धान्याचा मिळून एक आंबूस वास होता. तो अजूनही कधीतरी भर उन्हाळ्यात नाकात येतो आणि मी थांबतो.

वीज पहिल्याच दिवशी गेली. मग एकेकाचा मोबाईल मेला. ज्यांचे जिवंत होते त्यांना रेंज नव्हती. टॉवरलाही बॅटरीच लागते, आणि तिच्याखालीही पाणीच होतं. माझ्या पिशवीत हँडी होता, हातात धरायचा वायरलेस.

मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाला. बँकेत काउंटरवर बसतो आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन वारा खाण्याऐवजी रेडिओ खातो, असं बायको म्हणते. परीक्षा देऊन, पोलीस घरी येऊन चौकशी करून गेल्यावर, दिल्लीहून परवाना आला. कागद इतके महिने फिरत होते की तो आला तेव्हा मी अर्ज केल्याचंही विसरलो होतो. चौकशीला आलेल्या हवालदाराने चहा पिता पिता विचारलं होतं, "मोबाईल असताना हे कशाला, साहेब?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. भारतातल्या हॅमची कॉलसाईन, म्हणजे रेडिओवरचं नाव, एरवी व्ही यू ने सुरू होते. माझी व्हीयू थ्रीची, नवशिक्याची. आप्पांची व्हीयू टू. मोर्सची परीक्षा पास झाल्याशिवाय ती मिळत नसे, आणि हे ते दर भेटीत एकदा तरी आठवण करून देतात.

आप्पा मिरजेचे. रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पुढे टीव्ही, पुढे काहीच नाही. सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर दुकान. तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर जसा घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, पुन्हा फिरवतो, तसं आप्पा ॲन्टेना कापतात. सात मेगाहर्ट्झचा डायपोल म्हणजे टोकापासून टोकापर्यंत वीसेक मीटर तार, हे पुस्तकात आहे. पण पत्र्याच्या छपराजवळ ती किती, नारळाच्या झाडाजवळ किती, हे पुस्तकात नाही. दोन बोटं कापायची, मीटर बघायचा, पुन्हा एक बोट. "जास्त कापलीस तर जोडता येत नाही," असं म्हणायचे. मी नेहमी जास्त कापायचो. त्यांनीच जुन्या टीव्हीच्या चपट्या वायरची दीडेक मीटरची एक ॲन्टेना करून दिली होती. गुंडाळली की खिशात मावते, सुतळीने बांधून वर टांगायची. ती मी पिशवीतून कधीच काढत नसे. पिशवी आणली होती दिंडं घेऊन जायला, त्यामुळे हे शहाणपण माझ्या नावावर मांडू नये.

मावशीच्या गच्चीवर डिश टीव्हीच्या खांबाला ती वायर टांगली आणि हाक घातली. मिरज तिथून दहा-एक किलोमीटर. ज्या फ्रिक्वेन्सीवर आम्ही बोलतो तिथे लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, मध्ये डोंगर नको, मोठ्या इमारती नकोत. पाच वॉट म्हणजे फ्रिजमधल्या दिव्याहून कमी. दोनदा हाक घातली. खरखर. तिसऱ्यांदा खरखरीच्या आतून आप्पांचा आवाज आला, त्यांनी बहुतेक दोन दिवस रेडिओ बंदच केला नव्हता. पहिलं वाक्य होतं, "कुठे होतास? ओव्हर."

नंतरचे चार दिवस आमची गच्ची आणि आप्पांची माडी असा एक धागा होता. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या, शेजारच्या, त्याच्या पलीकडच्या गच्चीवरचे लोक ओरडून मला निरोप सांगायचे. मी वहीत उतरवायचो, आप्पांना सांगायचो, आप्पा मिरजेहून फोन लावायचे. कुणाला इन्शुलिन हवं होतं. कुणाच्या सुनेला आठवा महिना होता. एका माणसाला आपली मोटरसायकल कुठे वाहत गेली ते पोलिसांना कळवायचं होतं, त्याला थांब म्हटलं. हँडीची बॅटरी मी कंजुषासारखी वापरत होतो. ऐकायला फारशी लागत नाही, बोलायला लागते. म्हणून बोलणं कमी. शेजारच्या पोराने गाडीची बॅटरी सोडवून वर आणली होती, तिच्यावरून जमेल तसं चार्ज करायचं, पाऊस लागला की ताडपत्री धरायची. दर सेकंद मोजून.

आप्पांची शिस्त कडक. वेळ, कुणाकडून, कुणाला, मजकूर. मजकूर जसा दिला तसा. दुसऱ्या रात्री तीन गच्च्यांपलीकडून कुणीतरी ओरडलं, "धरण फुटलं!" आणि एका क्षणात ते सगळ्या गच्च्यांवर पसरलं, बायका रडायला लागल्या. मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "कोण म्हणालं? त्यानं स्वतः पाहिलं का? ओव्हर." मी विचारायला गेलो तर म्हणणारा माणूस सापडेना. प्रत्येकाला शेजारच्याने सांगितलं होतं. धरण अर्थातच जागेवर होतं. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की हा छंद बोलण्याचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. आणि हिशेब तर मला येतोच.

बुधवारी दुपारी काकूंनी हाक मारली. समोरच्या इमारतीत त्या एकट्या राहायच्या, मुलगा पुण्यात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोक्यावर खताची पिशवी फाडून केलेली खोळ. त्यांनी फोन नंबर पाठ सांगितला, हल्ली कुणाला पाठ असतो? मग मजकूर. "मी बरी आहे म्हणावं. बीपीच्या गोळ्या आहेत. वर सुरक्षित आहे. काळजी करू नको. आणि हे बघ, शनिवारी गिरणीत दळण दिलं होतं पंचमीचं, ते तिथंच राहिलंय म्हणावं. पाच किलो गहू होते. बन्सी."

मी वहीत लिहिलं: सुखरूप. औषध आहे. वरच्या मजल्यावर. पुढे "दळ" एवढं लिहिलं आणि पेन्सिल थांबली.

आप्पांना सांगितलं ते एवढंच. सुखरूप, औषध आहे, वरच्या मजल्यावर. त्यांनी परत वाचून दाखवलं, तशी पद्धत असते. मग विचारलं, "अजून काही? ओव्हर."

"निगेटिव्ह," मी म्हणालो.

बॅटरी वाचवत होतो, असं मी स्वतःला सांगत आलो, आणि ते खोटं नाही. त्या वेळी रांगेत आणखी चार निरोप होते, त्यांतला एक आठव्या महिन्याचा होता. गिरणीतलं दळण हे वाक्य बोलायला चार सेकंद लागतात, त्या हिशेबात त्या चार सेकंदांची किंमत मी आजही काढू शकतो. आणि गिरणीत पाणी घुसलेलं, गहू केव्हाच भिजून फुगलेले असणार. ती बातमीच नव्हती. हे सगळं बरोबर आहे. पण गिरणीत त्या दिवशी कानाच्या पाळ्या गरम झाल्या त्या बॅटरीमुळे नव्हे. मला एअरवर "दळण" म्हणायची लाज वाटली होती.

कारण ती फ्रिक्वेन्सी उघडी असते. कुणीही ऐकू शकतो, आणि मला वाटत होतं की खूप लोक ऐकत आहेत. बहुधा आप्पांशिवाय कुणी नव्हतं. पण मी सकाळपासून फार चांगला बोलत होतो. थोडक्यात, मोजकं, शब्दागणिक वजन. हे कबूल करायला जड जातं, पण ते चार दिवस मी सुखात होतो. आजूबाजूच्या गच्च्यांवर चाळीस माणसं भिजत होती, खाली मावशीचं आयुष्यभराचं सामान कुजत होतं, आणि मी ओल्या चड्डीत उभा राहून "रॉजर, स्टँड बाय" म्हणताना आतून फुलत होतो. काउंटरवर माझ्याकडे बघत कुणी बोलत नाही, लोक पासबुकाकडे बघून बोलतात. इथे लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. पोरं हँडीला हात लावू का विचारायची.

आणि डोक्यात मोठ्या मोठ्या गोष्टी होत्या. हॅम लोकांच्या घरात या गोष्टी पुराणांसारख्या सांगितल्या जातात. 1993ला किल्लारीच्या भूकंपानंतर रेडिओ घेऊन गेलेली माणसं. आप्पांनीही तेव्हा रिग म्हणजे रेडिओसेट, बॅटरी, तार सगळं बांधून ठेवलं होतं आणि घरात आजारपण निघाल्यामुळे जायचं राहिलं, ती ट्रंक कित्येक वर्षं तशीच दाराशी होती. 2001ला भुज. आणि सगळ्यांत लाडकी गोष्ट भारती प्रसाद यांची. डिसेंबर 2004मध्ये त्या अंदमानातून हौशी रेडिओ प्रसारण करायला पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून हॅम ऐकू येणं ही दुर्मीळ गोष्ट, जगभरचे लोक त्यांच्याशी एक मिनिट बोलायला धडपडत होते. 26 तारखेला सकाळी जमीन हलली, मग त्सुनामी. हौसेसाठी नेलेला तोच रेडिओ मग बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवायला लागला. त्यांची कॉलसाईन होती व्हीयू फोर आरबीआय. बँकवाल्याला ती कशी विसरता येईल? मावशीच्या गच्चीवर उभा असताना मीही मनातल्या मनात कुठल्यातरी बेटावर होतो. त्या बेटावर पाच किलो बन्सी गव्हाला जागा नव्हती.

गुरुवारची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे एकतर्फी होईल. दुपारी आप्पांनी हाक घातली आणि म्हणाले, "ब्रह्मनाळला बोट उलटली." मग बराच वेळ बटण दाबून धरलं होतं त्यांनी, नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "गच्चीवर बोलू नकोस. ओव्हर." मजकूर जसा दिला तसा, ही त्यांचीच शिस्त. मी "रॉजर" म्हटलं आणि हँडी खिशात टाकला. तासाभराने आमच्या गल्लीत बोट आली. ती आमच्या निरोपामुळे आली की अशीच फिरत आली हे मला आजही सांगता येणार नाही. आठव्या महिन्याच्या त्या सुनेला चौघांनी धरून खिडकीतून बोटीत उतरवलं. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "दादा, काही होणार नाही ना?" मी म्हटलं, "काही होत नाही, गच्च धरून बस." बोट चौकाच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत माझा हात खिशातल्या हँडीवर होता. ती पोचली, नंतर मुलगी झाली. ते न सांगितलेलं मला कधीच टोचलं नाही. दळणाचं टोचतं.

पूर ओसरल्यावर चिखल काढण्यात दिवस गेले. आप्पांकडे गेलो तेव्हा त्यांनी त्यांची लॉगची वही समोर ठेवली. सगळ्या नोंदी सुवाच्य, वेळेसकट. एका नोंदीवर बोट ठेवून म्हणाले, "या बाईंच्या मुलानं मला तीनदा फोन केला. आणखी काय म्हणाली, आणखी काय म्हणाली, असं विचारत होता. मजकूर एवढाच होता ना?"

"एवढाच होता," मी म्हणालो.

आप्पांनी वही मिटली. माझी वही त्यांनी मागितली नाही. तिची पानं एकमेकांना चिकटली होती, पण ते पान उघडतं. "दळ" आणि त्याच्यावर मारलेली आडवी रेघ, चांगली जोर देऊन मारलेली. शाईचं बरंचसं पुसून गेलंय, पेन्सिलीचं तेवढं राहिलंय.

तर त्या रविवारी मी काकूंचा डबा उचलला आणि स्कूटरवर पायाशी ठेवला, काकू मागे बसल्या. माझी ज्वारी तशीच रांगेत राहिली. पीठ अजून गरम होतं, पायाला ऊब लागत होती. काकूंना स्कूटरवर बोलायची सवय असावी, कानाशी तोंड आणून सविस्तर सांगत होत्या. मुलाला मिरजेहून फोन गेला. सुखरूप आहेत, औषध आहे, वरच्या मजल्यावर आहेत. त्याने फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, ही आई नाही. कुणीतरी बघून आलेला माणूस सगळ्यांना असंच सांगतोय. टीव्हीवर सतत सांगलीचं पाणी दाखवत होते. दोन दिवस तो धड जेवला नाही, रात्री गाडी काढून कऱ्हाडपर्यंत आला आणि महामार्ग बंद म्हणून परत फिरला.

"त्याला म्हटलं मी नंतर, अरे, मी दळणाचं सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "तर म्हणतो कसा, आई, ते कळलं असतं ना, तर मी हसलो असतो आणि झोपलो असतो."

हॅम रेडिओवर सांकेतिक भाषेत बोलायला बंदी आहे. सगळं उघड, कुणालाही कळेल असं बोलायचं, तसा नियमच आहे. त्या नियमात राहून त्या मायलेकरांना जी एकच खूण पाठवता आली असती, ती माझ्या पेन्सिलीखाली गेली. मी काकूंना काय म्हणालो ते नीट आठवत नाही. चुकलं म्हणालो असेन. त्यांनी डबा घेतला, पायरीवर ठेवला आणि म्हणाल्या, "बरं, आता आयर्विनला किती आहे?" मे महिना होता. नदीत दगड उघडे पडले होते.

आप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत. कानात यंत्र आलंय, आणि रेडिओवर बोलायला बटण दाबलं की ते यंत्र चिरकतं. रेडिओच्या लहरी त्या चिमुकल्या यंत्रात घुसतात. म्हणून बोलायच्या वेळी ते यंत्र काढून टेबलावर ठेवतात, बोलून झालं की घाईने कानात घालतात, त्यामुळे समोरच्याचे पहिले दोन शब्द नेहमी हुकतात. आम्ही सगळ्यांनी आता सवय लावून घेतलीय, हाक मारल्यावर मनात तीन मोजायचे आणि मग बोलायचं. गेलेल्या हॅमला "सायलेंट की" म्हणतात. आप्पा म्हणतात, मी सायलेंट की नाही, सायलेंट कान.

दर वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी, पाऊस धरायच्या आत, आम्ही सहा-सात जण सराव करतो. कुणी दंडोब्याच्या डोंगरावर, कुणी आष्ट्याच्या बाजूला, कुणी घरच्या गच्चीवर. या वर्षी दंडोब्यावर एक इंजिनीअरिंगची मुलगी होती, नुकताच परवाना मिळालेली, फार नीट बोलते, शब्दागणिक वजन. मी मावशीच्या गच्चीवरून होतो. मावशी आता नाही, पण डिश टीव्हीचा खांब आहे. सरावाचे निरोप ठरलेले असतात: तीन माणसं, एक रुग्ण, बोट हवी, अमुक चौक. माझी पाळी आली तेव्हा चार वाजून गेले होते, दक्षिणेकडे ढग जमत होते, नदीचं पाणी अजून हिरवंच होतं. हाक मारली, मनात तीन मोजले.

"सरावाचा निरोप. गावभागातून पुण्याला. मजकूर: सुखरूप आहे. गोळ्या आहेत. गिरणीत दळण राहिलंय. ओव्हर."

दंडोब्यावरची मुलगी म्हणाली, "से अगेन, गिरणीत नंतर काय? ओव्हर."

"दळण. डेल्टा, अल्फा, लिमा, अल्फा, नोव्हेंबर. ओव्हर."

खरखर. तिला हसू येत असावं, बटण अर्धवट दाबल्यासारखा एक टिक आवाज आला आणि गेला. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं बॅटरी गेली की काय. मग आप्पांचा आवाज आला, यंत्र टेबलावर ठेवून बोलताना येतो तसा जरा जास्तच मोठा.

"कॉपीड. कुठल्या गिरणीत? ओव्हर."